दुलई जड म्हणजे उबदार? डाउनच्या बाबतीत नाही

दुलई हातात जोखायची आणि जड लागली की ‘ही उबदार असणार’ म्हणायचं, ही समजूत फार जुनी. कापसाच्या बाबतीत ती बऱ्यापैकी चालूनही जाते. डाउनला मात्र लागू नाही.

डाउन म्हणजे बदकाच्या किंवा हंसाच्या पिसांखालची मऊ लव. तिला ताठ देठ नसतो. चिमटीत दाबून सोडली की पुन्हा फुलते. ऊब टिकते ती या फुगवट्यात अडकलेल्या हवेमुळे. एक औंस डाउन किती घनइंच जागा व्यापतं, तो आकडा म्हणजे फिल पॉवर. 800 ची दुलई 600 च्या दुलईइतकी ऊब कमी वजनात देते.

इथेच दुसरी गफलत होते. नुसता मोठा आकडा पाहून भुलू नका, आत डाउन भरलंय किती तेही विचारा. 800 चं जेमतेम भरलं असेल तर ती उन्हाळी दुलईच!

जड दुलईत बरेचदा देठवाली पिसंच जास्त असतात; चाचपलं की टोकं बोटांना लागतात. शिलाईही बघा. दोन्ही कापडं थेट एकत्र शिवलेली असली, तर टाक्यांच्या रेषेवर डाउन उरत नाही आणि गारवा तिथूनच शिरतो. मध्ये उभ्या पट्ट्या घालून कप्पे केलेले असले, तर डाउनला फुलायला जागा मिळते.