जीपच्या मागची एरियल: लांबी कुणी ठरवली?

अमेरिकेतल्या डोंगरवाटांवर आज जीपवाल्यांचा ताफा निघाला, तर बऱ्याच गाड्यांच्या बॉनेटच्या कडेला वीतभर, फार तर हातभर लांबीची बारीक छडी उभी दिसते. पंधरा-वीस वर्षांपूर्वी त्याच जागी, म्हणजे खरं तर गाडीच्या मागे स्टेपनीच्या आडोशाला, छातीएवढ्या उंचीची फायबरग्लासची काठी असायची. आणि सत्तरच्या दशकात बंपरवरून निघालेली अडीच मीटरची पोलादी छडी, दर खड्ड्याला कमान टाकणारी. रेडिओवरचं बोलणं तिन्ही काळांत एकच: "पुढे धोंडा आहे, डावीकडून घे." मग काठी एवढी आखडली कशी?

अँटेना घेताना लोक आधी कंपनी विचारतात, मग किंमत, आणि सगळ्यात शेवटी "बसवू कुठे?" माझ्या मते हा क्रम उलटा आहे. छडीची लांबी सरकारने दिलेली फ्रिक्वेन्सी ठरवते, जागा गाडीचं छत ठरवतं. दुकानात जाऊन निवडण्यासारखं त्यानंतर थोडंच उरतं.

मूळ गोष्ट मार्कोनीपर्यंत जाते. १८९० च्या दशकात त्याने तारेचं एक टोक उंच टांगलं आणि दुसरं जमिनीत पुरलं. तार रेडिओ लहरीच्या लांबीच्या चतुर्थांशाएवढी असेल तर ती उत्तम चालते. राहिलेली बाजू जमीन सांभाळते. हिशेब सोपा: ७५ ला मेगाहर्ट्झने भागायचं, उत्तर मीटरमध्ये येतं. गाडी मात्र रबरी टायरवर उभी असते, तिला जमिनीत काही पुरता येत नाही. तिथे जमिनीचं काम पत्रा करतो. गाडीचा पत्रा हा अँटेनाचाच अर्धा भाग आहे, हे एकदा डोक्यात बसलं की पुढचा इतिहास आपोआप उलगडतो.

डेट्रॉइटच्या पोलिसांनी १९२८ मध्ये गाड्यांत रेडिओ चालवून दाखवले. पण ते एकतर्फी होते: हुकूम ऐकू यायचा, उत्तर द्यायचं तर फोन शोधत जावं लागायचं. गाडीतून उलट बोलण्याची सोय १९३३ मध्ये न्यू जर्सीतल्या बेयोन शहराच्या पोलिसांना मिळाली. त्या काळच्या बऱ्याच गाड्यांचं छत मधोमध कापडाचं असायचं. रेडिओ बसवणारे त्या कापडाच्या आत कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तशी जाळी ओढायचे, नाहीतर पायरीच्या फळीखाली तार ताणायचे. बाहेरून काहीच दिसायचं नाही. मग १९३५ च्या मॉडेलांपासून जनरल मोटर्सने सलग पोलादी छत आणलं. पत्र्याखालची जाळी बहिरी झाली आणि छडीला गाडीबाहेर यावं लागलं. ते एका परीने बरंच झालं, कारण पोलादी छताच्या मधोमध उभी छडी ही आजही गाडीवरची सगळ्यात चांगली जागा आहे.

मग आली जीप, आणि तिला छतच नव्हतं. १९४१ पासून विलीज आणि फोर्ड यांनी लाखोंनी बनवलेल्या त्या लष्करी गाडीवर फक्त ताडपत्रीचं हूड. रेडिओ बसवलेल्या जीपवर धातूचे तुकडे एकात एक फिरवून जोडलेली उंच छडी मागच्या अंगाला, विजेपासून अलग ठेवणाऱ्या बुंध्यावर बसवलेली असायची. झाडांखालून, तारांखालून जायचं असेल तर तिचं टोक पुढे वाकवून दोरीने बांधत. वाकलेल्या छडीचा एक फायदा असा, की कमी फ्रिक्वेन्सीवर लहरी जास्त करून वर जातात, आयनावरणावर, म्हणजे वातावरणातल्या उंचावरच्या विद्युतभारित थरावर, आपटून जवळपासच्याच मुलखात परत उतरतात आणि डोंगराआडच्या माणसाला ऐकू येतात. जर्मन सैन्याने ही गोष्ट ओळखून वापरली. गाडीवर अँटेना कुठे, याचं उत्तर "मागच्या कोपऱ्यात" हे या जीपने रुजवलं. ती जागा तांत्रिकदृष्ट्या सर्वोत्तम कधीच नव्हती. छत नसल्यामुळे आलेली तडजोड होती. आपल्याकडे पोलिसांची 'वायरलेसची गाडी' पाहत मोठ्या झालेल्यांच्या डोळ्यांसमोर जीप म्हटलं की ती मागची एरियल येतेच. बिनतारी संदेश विभागाच्या गाडीपेक्षा त्या छडीचाच रुबाब जास्त.

युद्धानंतर लष्कराने काढून टाकलेल्या जीपा अमेरिकेत शेतकऱ्यांच्या, शिकाऱ्यांच्या आणि हौशी लोकांच्या हातात गेल्या. १९५३ मध्ये कॅलिफोर्नियातल्या रुबिकॉन ट्रेलवर पहिली जीपर्स जम्बोरी भरली. सामान्य माणसाला गाडीत रेडिओ ठेवण्याची वाट कागदावर तेव्हाही होती. अमेरिकेच्या फेडरल कम्युनिकेशन्स कमिशनने, म्हणजे एफसीसीने, चाळीसच्या दशकातच 'नागरिकांची रेडिओ सेवा' म्हणून ४६० ते ४७० मेगाहर्ट्झचा पट्टा दिला होता. ७५ ला ४६२ ने भागा: सोळा सेंटिमीटर! जीपसाठी याहून सोयीची अँटेना नाही. पण एवढ्या उंच फ्रिक्वेन्सीवर व्हॉल्व्हचे संच बनवणं महाग पडायचं, ग्राहक मिळेनात.

म्हणून ११ सप्टेंबर १९५८ ला एफसीसीने हॅम मंडळींकडचा, म्हणजे परवाना काढून हौसेने रेडिओ चालवणाऱ्यांकडचा, ११ मीटरचा पट्टा काढून घेतला आणि २७ मेगाहर्ट्झवर २३ चॅनेल जनतेला दिले. हाच सिटिझन्स बँड, सीबी. (फिजिओथेरपीत शेक देणारं शॉर्टवेव्ह डायथर्मीचं यंत्रही २७.१२ मेगाहर्ट्झवरच चालतं. शेजार तेव्हापासूनच गोंगाटाचा.) संच स्वस्त झाले, पण किंमत अँटेनाने वसूल केली. २७ मेगाहर्ट्झची चतुर्थांश लहर पावणेतीन मीटर होते. बाजारात १०२ इंची पोलादी छडी रूढ झाली, म्हणजे २.५९ मीटर, आणि तिच्या बुडाशी स्प्रिंग. ही बसवायची ती जेमतेम साडेतीन मीटरच्या आसपास लांब असलेल्या, वर ताडपत्री असलेल्या गाडीवर! पुढची चाळीसेक वर्षं जीपवाल्यांनी अँटेनाचे जे जे ब्रॅकेट, क्लॅम्प आणि जुगाड शोधले, त्या सगळ्यांचं मूळ त्या एका निर्णयात आहे.

१९७३ चं तेलसंकट आलं, महामार्गांवर ताशी ५५ मैलांची मर्यादा लागली आणि ट्रकवाले कुठे पंप उघडा आहे, कुठे पोलीस दबा धरून बसलेत, हे सीबीवर एकमेकांना सांगू लागले. लाट उसळली. १ जानेवारी १९७७ पासून चॅनेल ४० झाले. १९८३ मध्ये परवान्याची अटही गेली. ताकद मात्र ४ वॅटच राहिली, त्यामुळे एकाचं दुसऱ्यापेक्षा चांगलं ऐकू जायचं ते केवळ अँटेनामुळे.

लांब छडी आखडायची तर वीज वाहणारी तार फायबरग्लासच्या दांड्याभोवती गुंडाळायची. मीटरभराच्या काठीत मग सहा-सात मीटर तारही मावते. विजेच्या दृष्टीने तिची लांबी जुळते, पण लहर सोडण्याची ताकद घटते आणि एकेका चॅनेलसाठी ती जास्त नखरेल होते. 'आखूड काठी तेवढंच काम देते' असं जाहिराती सांगत आल्या. ते खरं नाही. झाडीत मोडली नाही, गॅरेजात शिरली, हा तिचा खरा गुण.

ट्रकवाल्यांची नक्कल करण्याच्या नादात जीपवाल्यांनी आणखी एक खूळ उचललं: दोन बाजूंना दोन अँटेना. ट्रकच्या दोन आरशांवरच्या अँटेना एकमेकींपासून पाव लहरीच्या, म्हणजे पावणेतीन मीटरच्या जवळपास असतात, म्हणून पुढे-मागे जोर वाढतो. युद्धकाळातल्या विलीजची रुंदी १.५७ मीटर. तिच्यावर जोडी लावून गाडी देखणी दिसते, एवढंच.

बसवण्याचे धडे लोकांनी सेट जाळून घेतले. अँटेना जुळलेली नसली तर पाठवलेली ऊर्जा केबलमधून उलटी येते. तिचं माप म्हणजे एसडब्ल्यूआर. १ वर आदर्श, २ च्या आत चालतं, ३ च्या वर सेटच्या जिवाला धोका. मीटर लावून १ आणि ४० या दोन टोकांच्या चॅनेलवर बघायचं. ४० वर आकडा जास्त आला तर काठी लांब आहे, १ वर जास्त आला तर आखूड. दोन्हीकडे भयंकर आला तर काठीला हात लावू नये, अर्थिंग शोधावं. स्टेपनीचा ब्रॅकेट रंगावर कसलेला असतो, मागचा दरवाजा बिजागऱ्यांवर लोंबत असतो आणि बिजागऱ्यांत ग्रीस. नजरेला लोखंड लोखंडाला टेकलेलं दिसतं, रेडिओच्या लेखी ते हवेत लटकलेलं असतं. रंग खरवडून चॅसीपर्यंत विणलेली जाड पट्टी ओढली की हटवादी एसडब्ल्यूआर निमूट खाली येतो. अमेरिकन जीपच्या पक्क्या छताचंही हेच: ते फायबरग्लासचं असल्याने पत्रा म्हणून निकामी, म्हणून तिथे बॉनेटची कड.

चुंबकी बुडाच्या अँटेना आल्या आणि भोक पाडायचं दुखणं गेलं असं वाटलं. पण १९४८ पासूनच्या लँड रोव्हरचं अंग अॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचं. रेडिओसाठी उत्तम पत्रा, चुंबक मात्र चिकटत नाही! जिथे चिकटतं तिथेही खालची धूळ रंग घासते आणि पहिल्या फांदीला चुंबक उडतं. ज्यांना खरंच बोलायचं होतं ते १९ मिलिमीटरचं भोक पाडून एनएमओ नावाचा पक्का बुंधा बसवत आले. पोलीस आणि टॅक्सीवाल्यांच्या रेडिओसाठी आलेली ही रचना. वरची छडी हाताने फिरवून काढता येते, भोकातून पाणी आत येत नाही.

ऑस्ट्रेलियाने वेगळी वाट धरली. १९७७ मध्ये तिथे २७ मेगाहर्ट्झबरोबरच ४७७ मेगाहर्ट्झचा यूएचएफ सीबी सुरू झाला, ४० चॅनेल आणि ५ वॅट. २०११ मध्ये चॅनेल ८० झाले. तिथल्या गाड्यांना पुढे कांगारू अडवणारी जाड बुल बार असते, अँटेना तिच्यावरच उभी. १६ सेंटिमीटरची अडचण कुणालाच नव्हती, म्हणून त्यांनी उलटा खेळ केला: दोन-तीन तुकडे एकावर एक रचून लांब अँटेना बनवल्या, ज्या लहर क्षितिजाच्या बाजूला दाबतात. म्हणूनच तिथले मुरलेले लोक सपाट वाळवंटात मोठ्या आकड्याची, ९ डीबीआयच्या आसपासची काठी लावतात (डीबीआय म्हणजे झोत किती दाबला जातो त्याचं माप) आणि डोंगरात उतरल्यावर ती काढून ३ डीबीआयची आखूड लावतात. दरीत गाडी कलली की दाबलेला झोत एक तर आभाळात जातो, नाहीतर समोरच्या कड्यात. बाजारात मोठा आकडा विकला जातो. घाटात छोटा चालतो.

अमेरिकेला परत फिरायला साठ वर्षं लागली. जुन्या ४६० च्या पट्ट्यातली नागरी सेवा जीएमआरएस नावाने टिकून होती. २०१७ मध्ये एफसीसीने तिचे नियम नव्याने बांधले. परवान्याला परीक्षा नाही, एका परवान्यात अख्खं कुटुंब, काही चॅनेलवर ५० वॅटपर्यंत मुभा, शिवाय रिपीटर, म्हणजे उंचावरून संदेश ऐकून तो पुन्हा पुढे पाठवणारा संच. २०२२ मध्ये दहा वर्षांचं शुल्क ७० वरून ३५ डॉलरवर आलं. एफएम असल्यामुळे सीबीची खरखर नाही. ताफ्यांनी पटापट संच बदलले, आणि सुरुवातीला सांगितलेली वीतभर छडी बॉनेटवर आली.

हे सगळं वाचून आपल्याकडच्या थारला किंवा जुन्या जिप्सीला तसलाच संच लावावा असं वाटेल, तर थांबा. १८८५ चा तार कायदा आणि १९३३ चा बिनतारी कायदा यांनी भारतात कित्येक दशकं नुसता ट्रान्समीटर बाळगणंही परवान्याशी बांधलं होतं; २०२३ मध्ये नवा दूरसंचार कायदा संमत झाला, तरी फ्रिक्वेन्सी सरकारचीच. असं बोलण्यासाठी परवान्याविना मोकळे झालेले पट्टे मोजके: २००५ मध्ये २६.९५७ ते २७.२८३ मेगाहर्ट्झ, ५ वॅटपर्यंत. आणि २०१८ मध्ये ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ, अर्ध्या वॅटपर्यंत, तोही हातातल्या वॉकीटॉकीसाठी. अमेरिकेचा ४६२ चा संच इथे बेकायदा ठरतो. ऑनलाइन दुकानांत असले संच सर्रास दिसू लागल्याने २०२५ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला त्यांच्या विक्रीवर मार्गदर्शक नियम काढावे लागले.

गाडीत जास्त ताकदीचा संच कायद्याने ठेवायचा तर हौशी माणसाला हॅमची परीक्षा देऊन परवाना घ्यायचा, हाच रस्ता. तिथे १४४ ते १४६ मेगाहर्ट्झवर चतुर्थांश लहर अर्ध्या मीटरची. आणि ताडपत्रीच्या हूडवाली गाडी असेल, तर प्रश्न पुन्हा १९४१ चाच: पत्रा आणायचा कुठून? बॉनेटच्या कडेचा ब्रॅकेट, खालचा रंग खरवडलेला, चॅसीला पट्टी. नाहीतर पत्र्याची गरजच नसलेली अर्ध्या लहरीची मीटरभर छडी मागच्या बंपरवर, जिथे ती पूर्वी होती.