नजरेचा इतिहास: वर्ग सांभाळणं आणि विद्यार्थ्याला जोखणं

मागच्या ओळीत एक विद्यार्थी पेपर पसरून वाचत बसला होता. मानसशास्त्राचे प्राध्यापक जेकब कूनिन त्याला रागावले. पेपर मिटला, पण कूनिन यांचं लक्ष गेलं बाकीच्यांकडे. कुजबुज थांबली, खिडकीबाहेर रमलेले डोळे वहीवर आले. बोलणी एकाला बसली आणि सरळ झाला अख्खा वर्ग! असं का होतं, या प्रश्नामागे ते अनेक वर्षं लागले. त्यातून १९७० मध्ये त्यांचं पुस्तक आलं.

त्याआधी वर्ग व्यवस्थापन म्हणजे शिस्त, एवढंच समीकरण होतं. अमेरिकेत विल्यम बॅग्ली यांनी १९०७ मध्ये या विषयावर पुस्तक लिहिलं, त्यातही मुख्य चिंता वेळ आणि श्रम वाया जाऊ नयेत हीच. कूनिन यांनी वर्गांचं चित्रण करून ते तपासलं. दंगा झाल्यावर चांगले शिक्षक काहीतरी वेगळं करत असतील, असा त्यांचा कयास होता. तसं काही हाती लागलं नाही. फरक दंग्याच्या आधीच पडत होता. कोणत्या कोपऱ्यात काय शिजतंय याचा काही शिक्षकांना अंदाज असायचा, आणि तो आहे हे मुलांनाही ठाऊक असायचं. एक काम संपवून दुसरं घेताना ते मुलांना ताटकळत ठेवत नसत. माझ्या मते या विषयातलं हे सर्वांत कामाचं संशोधन, पण गाजलं दुसरंच.

ते दुसरं सुरू झालं उंदरांपासून. मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट रोझेन्थाल यांनी विद्यार्थ्यांच्या हाती सारखेच उंदीर दिले, फक्त काहींना ‘हुशार’ म्हटलं, काहींना ‘ढ’. ‘हुशार’ उंदीर भुलभुलैयात खरोखरच सरस ठरले. हे वाचून लेनोर जेकबसन या मुख्याध्यापिकेने त्यांच्याशी संपर्क साधला. तिच्या कॅलिफोर्नियातल्या प्राथमिक शाळेत मुलांची बुद्धिमत्ता चाचणी झाली. मग सुमारे २० टक्के नावं चिठ्ठ्या काढाव्यात तशी निवडून ‘ही मुलं वर्षभरात झेप घेतील’ असं शिक्षकांना सांगितलं गेलं. पहिली-दुसरीत या मुलांचे गुण ठळकपणे वाढले, वरच्या वर्गांत फरक जवळपास दिसला नाही. १९६८ मध्ये आलेलं पुस्तक गाजलं, हा तपशील मागे पडला. चाचण्यांचे अभ्यासक रॉबर्ट थॉर्नडाइक यांनी तर मूळ चाचणीचे गुणच भरवशाचे नाहीत, असं लगेच दाखवून दिलं.

पण मनातली अपेक्षा मुलापर्यंत पोचते कशी? जेरे ब्रोफी आणि थॉमस गुड हे संशोधक पहिलीच्या वर्गांत जाऊन बसले. उत्तर चुकलं की हुशार समजल्या जाणाऱ्या मुलाला तोच प्रश्न फोडून पुन्हा विचारला जाई. कच्च्या समजल्या जाणाऱ्या मुलाला सोडून शिक्षिका पुढे सरके. संशोधक मेरी बड रो यांनी तर घड्याळच लावलं: प्रश्न विचारून शिक्षक सरासरी एकच सेकंद थांबत, कच्च्यांसाठी त्याहूनही कमी. तीन सेकंद थांबलं की उत्तरं लांबत आणि एरवी गप्प असणारी मुलंही बोलत.

समाजशास्त्रज्ञ रे रिस्ट यांनी १९७० मध्ये मांडलेला बालवर्ग मात्र अंगावर येतो. शाळा सुरू होऊन आठ दिवस झालेले. शिक्षिकेने मुलं तीन टेबलांवर वाटली. कसलीही चाचणी झालेली नव्हती. कपडे, बोलण्याची ढब आणि घरची परिस्थिती एवढ्यावरच वाटणी झाली. पहिल्या टेबलावरची मुलं तिच्या सर्वांत जवळ. दुसरीत गेल्यावरही ही उतरंड बव्हंशी तशीच होती. बसायच्या जागा ठरवणं हे व्यवस्थापनातलं अगदी साधं काम, आणि तिथेच अपेक्षा कायमची बसली.

पुढे १९८४ मध्ये संशोधक स्टीफन रॉडनबुश यांनी रोझेन्थाल यांच्यासारख्या १८ प्रयोगांचे निष्कर्ष एकत्र तपासले. शिक्षक मुलांना दोन आठवड्यांहून जास्त ओळखत असतील, तर बाहेरून कुणी सांगितलेल्या ‘हुशारी’चा परिणाम जवळपास उरत नव्हता. तोवर शिक्षकांचं स्वतःचं मत बनलेलं असे. रिस्ट यांच्या बालवर्गात ते आठव्या दिवशीच बनलं होतं.