शेवटच्या चौकोनात न बसणारी चार अक्षरं

इंग्रजी शब्दकोडं सोडवताना नवखा माणूस शब्दाच्या पहिल्या अक्षराशी झटत बसतो. मुरलेला मात्र आधी शेवटचा चौकोन बघतो. सूत्र अनेकवचनी असेल तर तिथे हलकेच 'एस' लिहायचा, भूतकाळी असेल तर 'ई-डी', तुलना असेल तर 'ई-आर'. लिहायचं पेन्सिलीनेच, कारण 'माइस' आणि 'चिल्ड्रन' दबा धरून बसलेले असतात.

हा 'एस' इतका सोयीचा की स्क्रॅबलमध्ये, म्हणजे अक्षरांच्या सोंगट्या पटावर जोडून शब्द मांडायच्या खेळात, तो मुद्दाम आखडता दिला आहे. न्यूयॉर्कचे आर्किटेक्ट आल्फ्रेड बट्स यांनी १९३०च्या दशकात हा खेळ रचताना वर्तमानपत्रांतली अक्षरं मोजली. 'ई'ला १२ सोंगट्या मिळाल्या, 'एस'ला फक्त ४. जो तो अनेकवचनं करत सुटला तर खेळात राम उरणार नाही, हे त्यांनी ओळखलं होतं.

पण मला जास्त गंमत वाटते ती शेवटी न येणाऱ्या अक्षरांची. 'आय', 'जे', 'यू' आणि 'व्ही' ही चार अक्षरं इंग्रजी शब्दाच्या शेवटी सहसा बसत नाहीत. 'लव्ह', 'हॅव', 'गिव्ह', 'ट्वेल्व्ह' म्हणून बघा. कानाला शेवट 'व्ह'चा, कागदावर मात्र मागे एक मुका 'ई' उभा. 'जज' आणि 'ब्रिज' यांच्या शेवटी 'ज' स्पष्ट ऐकू येतो, पण लिहायचं 'डी-जी-ई'. 'सिटी'च्या शेवटी 'आय' नको म्हणून 'वाय'; अनेकवचन करताना शेवटची जागा 'एस'ने घेतली की तोच 'आय' गुपचूप आत येऊन बसतो.

नेमकी हीच चार का? कारण ती मुळात चार नव्हतीच. सतराव्या शतकापर्यंत 'यू' आणि 'व्ही' हे एकाच अक्षराचे दोन आकार होते, तसेच 'आय' आणि 'जे'. शब्दाच्या सुरुवातीला टोकदार 'व्ही', इतरत्र गोल 'यू', मग उच्चार काही का असेना. शेक्सपिअरच्या नाटकांच्या १६२३च्या छापील संग्रहात 'लव्ह' हा शब्द 'एल-ओ-यू-ई' असा दिसतो. तो शेवटचा 'ई' काढला तर 'यू' स्वर की व्यंजन, हे वाचणाऱ्याला कळणार कसं? 'ई' हा तिथला पहारेकरी होता. पुढे अक्षरं वेगळी झाली, गरज संपली, पण पहारेकरी काही घरी गेला नाही.

अपवाद आहेतच. 'यू' म्हणजे 'तू' हा रोजचा शब्द 'यू'नेच संपतो. 'रेव्ह'सारखे (आर-ई-व्ही) काही शब्द लांब शब्द छाटून झालेत. पण बाकीचे बहुतेक पाहुणे. 'मेनू' आणि 'ब्यूरो' (लिहिताना शेवट 'ई-ए-यू') फ्रान्सचे, 'स्पॅगेटी' आणि 'ब्रॉकोली' इटलीचे, 'गुरू', 'योगी', 'खाकी' आपल्याकडचे. म्हणून शेवटच्या चौकोनात 'आय' किंवा 'यू' पक्का झाला की इंग्लंड सोडून बाहेर शोधायला लागावं. 'व्ही'चं तर वेगळंच दुखणं: स्क्रॅबलच्या मान्य यादीत 'व्ही' असलेला दोन अक्षरी शब्द एकही नाही, त्यामुळे शेवटी शेवटी तो हातात अडकला की बसा.

'जे' शेवटी आला तर शोध थेट आपल्या अंगणात येतो: 'राज', 'ताज', 'स्वराज', जोडीला अरबी 'हज'. स्क्रॅबलमध्ये 'जे'ची सोंगटी एकच, किंमत ८ गुण. तीन अक्षरांच्या 'राज'ला १० गुण मिळतात, 'स्वराज'ला १६. समोरच्याने 'राज' मांडला की त्याला नुसता 'एस' चिकटवायचा मोह होतो, पण तो टाळावा. मान्य यादीत त्याचं अनेकवचन 'ई-एस' लावूनच होतं, म्हणजे 'जे'च्या मागे तिथेही एक 'ई' हवाच.