आपत्तीतली असंसर्गजन्य आजारांची काळजी

पूर, भूकंप, युद्ध, लॉकडाउन असं काहीही चालू असलं तरी बीपीवाल्याची गोळी, शुगरवाल्याचं इन्सुलिन आणि किडनीवाल्याचं डायलिसिस बंद पडू न देणं, याला आपत्तीतली असंसर्गजन्य आजारांची काळजी म्हणतात. सरकारी कागदावर हे 'असंसर्गजन्य रोग', पीएचसीत सगळे 'एनसीडी' म्हणतात, आणि घरात 'मला शुगर आहे' एवढ्यावर भागतं. यात चार मोठे गट धरतात: हृदयाचे आणि रक्तवाहिन्यांचे आजार (पॅरालिसिसचा झटका यातच आला), कॅन्सर, दमा-सीओपीडीसारखे श्वासाचे आजार, आणि मधुमेह. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबाने २०२१ मध्ये या आजारांनी निदान ४ कोटी ३० लाख माणसं गेली आणि त्यातले जवळपास तीन चतुर्थांश मृत्यू गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांतले, म्हणजे 'श्रीमंतांचे आजार' हे जुनं लेबल कधीच फाटलंय.

यातले बहुतेक आजार बरे होत नाहीत, आटोक्यात राहतात, आणि तेही रोज गोळी पोटात गेली तर. त्यामुळे खरी काळजी पूर येण्याच्या आधी घेतलेली असते. ज्या दवाखान्याला एरवीच दोन महिन्यांच्या गोळ्या एकदम देता येत नाहीत, कुणाला काय चालू आहे याची धड नोंद ठेवता येत नाही, त्याला पुरात ते अचानक कसं जमणार?

मदतकार्यात हे मागे का राहिलं

मदतकार्य म्हटलं की पूर्वी डॉक्टरांच्या डोक्यात कॉलरा, गोवर, हगवण, जखमा आणि बाळंतपणं. त्यात चूक काहीच नव्हतं, कारण छावण्यांमध्ये माणसं खरोखर त्याने मरायची. पण त्या छावण्या बहुतेक गरीब देशांतल्या तरुण लोकसंख्येच्या होत्या. २०११ पासून सीरियातून माणसं बाहेर पडायला लागली आणि चित्र बदललं. हा मध्यम उत्पन्नाचा देश, युद्धाआधी आपल्या गरजेची जवळपास ९० टक्के औषधं स्वतःच बनवायचा, तिथली पन्नाशी-साठीची माणसं वर्षानुवर्षं बीपी-शुगरच्या गोळ्या खात होती आणि एका पिशवीत मावेल तेवढं घेऊन जॉर्डन-लेबनॉनला पोचली. जुलै २०१२ मध्ये जॉर्डनमध्ये झातारीची छावणी उघडली तिथे रांगेत हीच माणसं. पुढे छावणीबाहेर राहणाऱ्या सीरियन कुटुंबांची पाहणी झाली तर निम्म्याहून जास्त घरांत कुणाला ना कुणाला जुनाट आजार निघाला.

मग हळूहळू नियम आले. स्फिअर नावाची मदतकार्याची जी मानकं आहेत त्यांच्या २०१८ च्या आवृत्तीत एनसीडीला स्वतंत्र मानक आहे. जागतिक आरोग्य संघटनेने एनसीडी किट काढलं, १०,००० लोकवस्तीला ३ महिने पुरेल असं, त्यात बीपीच्या गोळ्या, इन्सुलिन, इनहेलर, ग्लुकोमीटर वगैरे. किट उपयोगाचं आहे पण त्यात एक मेख आहे, ३ महिने संपतात आणि आजार संपत नाही. चौथ्या महिन्याचं बघायला तिथलीच आरोग्यव्यवस्था लागते.

शाळेतल्या शिबिरात नेमकं काय होतं

ऑगस्ट २०१९ चा कोल्हापूर-सांगलीचा महापूर आठवा, लाखो लोकांना घरं सोडावी लागली. किंवा २२ जुलै २०२१ चं चिपळूण, तिथे बाजारपेठच पाण्याखाली गेली, आणि बाजारपेठेत मेडिकलची दुकानंही आलीच. अशा वेळी माणूस झेडपीच्या शाळेत सतरंजीवर बसलेला असतो, अंगावरच्या कपड्यांनिशी आलेला, गोळ्यांचा डबा फ्रिजवर राहिलेला. पथकातली सिस्टर विचारते कोणती गोळी चालू आहे, आजी सांगते 'ती बारकी पांढरी, सकाळची'. आता बीपीची अॅम्लोडिपिन पांढरी, शुगरची मेटफॉर्मिन पांढरी, थायरॉईडची पण पुष्कळदा पांढरीच, त्यात आजीने कात्रीने स्ट्रिप कापून गोळ्या सुट्या केलेल्या असल्या तर नाव छापलेला तुकडा आधीच गेलेला. मग बीपी मोजायचं, बोटाला टोचून शुगर बघायची आणि अंदाजाने चालू करायचं.

काही गोळ्या दोन दिवस चुकल्या तर लगेच काही दिसत नाही, काहींचं तसं नाही. टाइप वन मधुमेहाच्या पोराला इन्सुलिन मिळालं नाही तर काही दिवसांत रक्तात आम्ल वाढून जीव जातो. फिटची गोळी अचानक थांबली की फिट येते. बीपीच्या काही गोळ्या एकदम सोडल्या की बीपी उसळी मारतं. याच्या उलटही होतं, शुगरची गोळी खिशात आहे म्हणून घेतली पण जेवण आलंच नाही, आणि मग शुगर एकदम खाली जाऊन घाम, चक्कर, बेशुद्धी. जेवण आलं तरी ते कसलं, बिस्किटं, गोड चहा, भात, मॅगी, चिवडा! देणाऱ्याचा हात मोठा असतो त्याबद्दल वाद नाही पण मीठ आणि साखर दोन्ही भरपूर.

पायांचं तर कुणी बोलतच नाही. जुन्या शुगरवाल्याच्या तळपायाला संवेदना कमी असते, तो गुडघाभर पाण्यातून चालत येतो, पत्रा किंवा काच लागते आणि त्याला कळतही नाही. पूर ओसरल्यावर लेप्टोच्या (पुराच्या घाण पाण्यातून होणाऱ्या तापाच्या) प्रतिबंधक गोळ्या वाटल्या जातात, ते बरोबरच, पण त्याच वेळी शुगरवाल्यांचे तळपाय उलटे करून बघितले तर पुढे बोट कापायची वेळ टळू शकते. आपत्तीनंतर हार्ट अटॅक आणि पॅरालिसिसचं प्रमाण दुपटी-तिपटीने वाढू शकतं असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, त्याच्या मागे गोळ्यांत खंड पडणं, ताण, झोप नसणं आणि हे असलं खाणं असं सगळं मिळून असतं.

नोंदीच्या बाबतीत जपानचं उदाहरण बघण्यासारखं आहे. तिथे 'ओकुसुरी तेचो' म्हणून औषधांची छोटी वही असते, औषध घेताना दुकानदार त्यात नोंद करतो. मार्च २०११ च्या त्सुनामीनंतर दवाखान्यांचे कागद वाहून गेले तेव्हा ज्याच्याजवळ ही वही होती त्याला बाहेरून आलेला अनोळखी डॉक्टरही तीच गोळी पुढे चालू करून देऊ शकला. आपल्याकडे डॉक्टरची चिठ्ठी घडी घालून पाकिटात, घडीवरच फाटलेली.

इन्सुलिन आणि थंडावा

न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंशांत ठेवायचं असतं. गोठलं तर वाया, तापलं तर हळूहळू ताकद कमी. छावणीत फ्रिज कुठला, म्हणून कित्येक ठिकाणी पेशंटला घरी इन्सुलिन द्यायचेच नाहीत, दिवसातून दोनदा दवाखान्यात येऊन टोचून घ्यायला लावायचे. काम-धंदा, शाळा सगळं त्यात गेलं. केनियातल्या दादाब भागात निर्वासितांच्या दागाहाले छावणीत घरातल्या तापमानाची नोंद घेतली गेली, दिवसा ३७ अंशांपर्यंत आणि रात्री २५ च्या आसपास, मग डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स ही वैद्यकीय मदतसंस्था आणि जिनिव्हा विद्यापीठाने प्रयोगशाळेत तसंच वरखाली तापमान ठेवून इन्सुलिन चार आठवडे तपासलं. ताकद टिकली, फ्रिजमधल्या इन्सुलिनइतकीच. २०२१ मध्ये हे छापून आलं आणि घरी इन्सुलिन द्यायला आधार मिळाला. जोडीला मडकं आहेच, मोठ्या मडक्यात छोटं मडकं, मधल्या जागेत ओली वाळू, वर ओलं फडकं. आपल्या माठाला हे शिकवायची गरज नाही.

डायलिसिस, आणि पैसा

डायलिसिसला मडक्याचा उपाय नाही. आठवड्यातून दोन-तीन वेळा चार-चार तास, दर वेळी शंभर लिटरच्या वर शुद्ध केलेलं पाणी आणि अखंड वीज. १९८८ च्या आर्मेनियातल्या भूकंपात ढिगाऱ्याखाली चेंगरलेल्या शेकडो लोकांच्या किडन्या बंद पडल्या आणि मशीन पुरली नाहीत, त्यानंतर किडनीतज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने आपत्तीसाठी वेगळं पथक उभारलं. पोर्टो रिकोत सप्टेंबर २०१७ मध्ये मारिया चक्रीवादळ आलं, सुरुवातीला सरकारी आकडा होता ६४ मृत्यू. नंतर घरोघरी फिरून केलेल्या एका अभ्यासाने अंदाज काढला तो हजारोंचा, आणि त्यातले सुमारे एक तृतीयांश मृत्यू उपचार लांबल्यामुळे किंवा तुटल्यामुळे. सरकारने शेवटी २,९७५ हा आकडा मान्य केला. वाऱ्याने माणूस मेला तर तो मोजला जातो, वीज नसल्याने महिन्याभराने गेला तर तो 'आजारी होताच'.

पैशाचं बघायचं तर परत जॉर्डन. सुरुवातीला नोंदणी केलेल्या सीरियन निर्वासितांना सरकारी दवाखाने फुकट होते. नोव्हेंबर २०१४ मध्ये फी सुरू झाली, २०१८ मध्ये ती परदेशी माणसाच्या दराच्या ८० टक्के केली, २०१९ मध्ये परत खाली आणली. सर्दी-खोकल्याला एकदा फी भरणं वेगळं आणि दर महिन्याला जन्मभर भरणं वेगळं, त्यामुळे अशा निर्णयाचा फटका आधी जुनाट आजारवाल्यांना बसतो. महागड्या उपचारांसाठी तर संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित संस्थेची समितीच बसते. जॉर्डनमध्ये २०१० ते २०१२ या काळात त्या समितीकडे कॅन्सरचे ५११ अर्ज आले, निम्म्याच्या आसपास मंजूर झाले. आजार बरा होण्याची शक्यता आणि खर्च हे दोन्ही बघून ठरवतात, आणि खरं सांगायचं तर त्या खुर्चीत बसायला कुणालाच आवडणार नाही.

एरवीची व्यवस्था

भारतात एनसीडीचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१० मध्ये १०० जिल्ह्यांत सुरू झाला. २०२३ मध्ये छापून आलेल्या आयसीएमआरच्या (केंद्र सरकारची वैद्यकीय संशोधन परिषद) अभ्यासात देशात मधुमेही सुमारे १० कोटी १० लाख आणि बीपीवाले ३१ कोटींच्या वर निघाले, म्हणजे हे काम फक्त तज्ज्ञ डॉक्टरच्या भरवशावर होणारं नाही हे उघड आहे. आता आशाताई तिशीवरच्या माणसांचा फॉर्म घरोघरी भरतात, उपकेंद्रातला सीएचओ (समुदाय आरोग्य अधिकारी) बीपी-शुगर बघतो, पुढचं पीएचसीत.

बीपीसाठी नोव्हेंबर २०१७ मध्ये जो वेगळा उपक्रम सुरू झाला तो पहिल्यांदा पाच राज्यांत, महाराष्ट्रात सिंधुदुर्ग, सातारा, भंडारा, वर्धा. त्यात भारी असं यंत्र काहीच नाही. सगळ्यांना एकच ठरलेली औषधांची पायरी, आधी अॅम्लोडिपिन, नाही भागलं तर पुढची. पेशंटचं कार्ड, तारीख चुकली की फोन, आणि गोळ्यांचा साठा आधीच हिशोब करून मागवलेला. मार्च २०२० मध्ये लॉकडाउन लागला तेव्हा हेच कामाला आलं. जागतिक आरोग्य संघटनेने त्या मे महिन्यात १५५ देशांना विचारलं तर ५३ टक्के देशांत बीपीचे उपचार थोडे किंवा पूर्ण विस्कळीत झाले होते, ४९ टक्के देशांत मधुमेहाचे. इथे जिथे यादी आणि साठा तयार होता तिथे एका महिन्याऐवजी दोन-तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम दिल्या, उपकेंद्रातून किंवा आशाताईंच्या हाती घरपोच.

अडतं ते माणूस हलला की. बीडचं ऊसतोड जोडपं दिवाळीच्या आसपास कोल्हापूर-सांगलीकडे किंवा थेट कर्नाटकात जातं, पाच-सहा महिने कोपीत, म्हणजे फडाजवळच्या झोपडीत राहतं, ही कुणाच्या कागदावर आपत्ती नाही. ऊस तोडायला पहाटे जायचं, पीएचसीची ओपीडी सकाळची, एक दिवस खाडा केला की मुकादम पैसे कापतो, आणि बीपीचं कार्ड गावाकडच्या सिस्टरच्या फाइलमध्ये. गोळ्या महिन्याच्याच दिलेल्या असतात, त्या संपतात डिसेंबरात, परत यायचं गुढीपाडव्याच्या सुमारास.