हिरवी कड म्हणजे टफन काच नव्हे
वाशी-बेलापूरमध्ये खिडकीसाठी काच निवडताना ‘कड हिरवी आहे, म्हणजे काच टफन’ (तापवून व झटकन थंड करून मजबूत केलेली) असे आजही खात्रीने सांगितले जाते. हा समज चुकीचा आहे, आणि सुरक्षेचा प्रश्न असल्याने तो दूर व्हायलाच हवा.

काच हे सिलिकॉन-ऑक्सिजन बंधांचे जाळे, म्हणजे एक असेंद्रिय पॉलिमर आहे. त्यातील इलेक्ट्रॉन इतके घट्ट बांधलेले असतात की दृश्य प्रकाशाची ऊर्जा त्यांना हलवू शकत नाही. म्हणून शुद्ध सिलिका रंगहीन असते. सोडा मिसळल्याने काही ऑक्सिजन-पूल (दोन सिलिकॉन अणूंना जोडणारे ऑक्सिजन) तुटून अतिनील शोषणाची सीमा दृश्य प्रकाशाकडे सरकते, तरी रंग येत नाही. हिरवटपणा येतो वाळूतील लोहामुळे: त्याचे एक रूप अवरक्ताबरोबर थोडा तांबडा प्रकाश शोषते, दुसरे जांभळ्या टोकाचा, आणि मधला हिरवा उरतो. लोहाचे प्रमाण जेमतेम ०.१ टक्का असले तरी कडेतून पाहताना प्रकाश काही मिलिमीटरांऐवजी कित्येक सेंटिमीटर काच ओलांडून येतो, त्यामुळे रंग तिथेच गडद दिसतो.

टफन करताना काच ६०० अंश सेल्सिअसच्या वर तापवून हवेच्या झोताने झटकन थंड करतात. रासायनिक घडण तीच राहते, म्हणून कडेचा रंगही बदलत नाही; फक्त आत ताण साठतो. ध्रुवित (पोलराइज्ड) चष्म्यातून तिरके पाहिल्यास तो ताण अनेकदा ठिपक्यांच्या किंवा पट्ट्यांच्या रूपात दिसतो.