पाबा: जीवनसत्त्व नक्की कुणाचं?

नाशिकच्या कॉलेज रोडवर एखाद्या मोठ्या मेडिकलमध्ये सनस्क्रीनच्या ट्यूबा न्याहाळल्या, तर एखादीवर ‘पाबामुक्त’ असं मोठ्या अभिमानाने छापलेलं सापडतं. शेजारच्या कपाटात परदेशी बी-कॉम्प्लेक्सची बाटली असेल, तर तिच्या मागच्या यादीत हेच पाबा मानाने बसलेलं असतं. एकीकडे नसण्याचं कौतुक, दुसरीकडे असण्याचं.

पाबा म्हणजे पॅरा-अमिनोबेन्झोइक आम्ल. यीस्ट, काळीज, मशरूम, कोंड्यासकटची धान्यं यांत ते थोडं थोडं असतं. फॉलेट हे जीवनसत्त्व आपल्याला खरोखर लागतं आणि त्याचा रेणू टेरिन, पाबा आणि ग्लुटामिक आम्ल असे तीन तुकडे जोडून बनतो. झाडांना ही जोडणी जमते, बहुतेक जिवाणूंना जमते, आपल्याला नाही. त्यामुळे नुसतं पाबा कितीही खाल्लं तरी आपल्या शरीरात त्याचं फॉलेट होत नाही. मिसळीतल्या मटकीतून किंवा पालकाच्या भाजीतून ते तयारच मिळवावं लागतं. तरीही एके काळी पाबाला जीवनसत्त्व बी-१० म्हणत. १९४१ मध्ये उंदरांच्या पांढऱ्या पडलेल्या केसांवर त्याचा परिणाम दिसल्याचं जाहीर झालं आणि ‘केस काळे करणारी गोळी’ जन्माला आली. माणसांसाठी तो दावा कधीच नीट सिद्ध झाला नाही, पण गोळी अजून विकली जाते. मोठ्या डोसने यकृताला इजा होऊ शकते, हे मात्र जाहिरातीत नसतं.

मग हे जीवनसत्त्व कुणाचं? जिवाणूंचं. आणि पाबाच्या गोष्टीतला सगळ्यात सुरस भाग तोच आहे.

१९३५ मध्ये जर्मनीत गेरहार्ड डोमाक यांनी प्रॉन्टोसिल हे सल्फा औषध जगापुढे आणलं. जंतू वाढायचे थांबत, पण का, ते कळेना. १९४० मध्ये लंडनमध्ये डोनाल्ड वुड्स यांच्या लक्षात आलं, की यीस्टचा अर्क घातला की सल्फाची सगळी मात्रा फुकट जाते. अर्कातली ती करामत पाबाची होती. दोन्ही रेणूंची ठेवण इतकी सारखी, की पाबाला धरणारं जिवाणूंचं विकर सल्फालाच धरून बसतं. एस.टी.च्या सीटवर खिडकीतून रुमाल टाकावा तसं हे आहे: जागा अडते, पण तिथे बसून काम करणारं कुणी येत नाही. फॉलेट बनणं थांबतं आणि जिवाणूंची वाढ खुंटते. पाबाची गर्दीच लोटली, तर मात्र रुमाल बाजूला सरतो. वुड्स यांना तेच दिसलं होतं. आपल्याकडे हे विकरच नाही, म्हणून औषध जंतूंना नडतं, आपल्याला त्या मार्गाने नाही. कुष्ठरोगावरचं डॅप्सोनही हीच युक्ती वापरतं.

आता उन्हाकडे. नाशिक विसाव्या अक्षांशावर आहे. २० मेच्या सुमारास भर दुपारी सूर्य थेट डोक्यावर येतो. ऊन इथे द्राक्षांनाही सोसत नाही, घडांना जुने पेपर गुंडाळावे लागतात. पाबाचा रेणू अतिनील किरणांतला ‘बी’ भाग चांगला शोषतो, शिवाय त्वचेच्या वरच्या थराला चिकटून राहतो, म्हणून घामाने सहज निघत नाही. १९४३ मध्ये त्याचं पेटंट झालं. १९६९ मध्ये मधू पाठक, थॉमस फिट्झपॅट्रिक आणि सहकाऱ्यांनी अल्कोहोलमधल्या पाबाची बाजू भक्कम मांडली आणि सत्तरच्या दशकात ते अमेरिकेतल्या सनस्क्रीनचा कणा झालं.

मग तक्रारी आल्या. कपड्यांवर पिवळे डाग, त्वचेची ॲलर्जी. शिवाय अतिनीलमधले ‘ए’ किरण त्यातून बऱ्यापैकी आरपार जात. युरोपीय संघाने २००८ च्या आदेशाने ते सनस्क्रीनमध्ये चालणाऱ्या घटकांच्या यादीतून वगळलं. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१९ मध्ये ते सुरक्षित मानू नये असा प्रस्ताव मांडला. केसांच्या काळ्या डायने किंवा ‘काळ्या मेंदी’ने ज्यांना पुरळ येतं, त्यांनी पाबा असलेल्या क्रीमपासून जपून राहावं, कारण रेणूंच्या साम्यामुळे एकाची ॲलर्जी दुसऱ्यालाही लागू पडू शकते. गंगापूर रोडवर स्कूटीवर स्कार्फ गुंडाळून जाणाऱ्या मुलींना यातलं काहीच वाचायची गरज नाही. घट्ट विणीचं कापड ‘ए’ आणि ‘बी’ दोन्ही अडवतं.

पाबाला आता एक वेगळीच नोकरी आहे. आहाराच्या अभ्यासांत लोकांना चोवीस तासांची लघवी साठवायला सांगतात आणि लोक, अर्थातच, मध्येच विसरतात. म्हणून दिवसातून तीनदा ८० मिलिग्रॅम पाबा देतात. ते जवळजवळ सगळं लघवीतून बाहेर पडतं. बाटलीत ८५ टक्क्यांहून कमी सापडलं, की संशोधक समजतात, कुठेतरी एखादी खेप हुकली.