पेशीभित्तिका आणि वनस्पतींची रोगप्रतिकारशक्ती

वनस्पतीच्या प्रत्येक पेशीभोवती सेल्युलोज, हेमिसेल्युलोज आणि पेक्टिन यांचे कडक वेष्टन असते, तीच पेशीभित्तिका. रोगजंतूंना अडवणे हे तिचे उघड काम. पण भित्तिकेला इजा झाली की त्याची वर्दी पेशीला मिळते आणि पुढचा प्रतिकार संप्रेरके ठरवतात.

भुरी या बुरशीचा बीजाणू पानावर रुजला की त्याची बारीक खुंटी भित्तिकेत घुसू पाहते. पेशी नेमक्या त्याच जागी आतून कॅलोजचे (शर्करेच्या लांब साखळ्यांचा पदार्थ) लिंपण घालते. सूक्ष्मदर्शकाखाली ते पुटकुळीसारखे दिसते. बऱ्याचदा बुरशी तिथेच थांबते. फळे कुजवणारी करडी बुरशी मात्र विकरे सोडून पेक्टिन विरघळवते. त्यातून सुटलेले पेक्टिनचे तुकडे पेशीपटलावरील ग्राही प्रथिने ओळखतात, म्हणजे चोराच्या पहारीनेच घंटा वाजते.

जिवंत पेशीवर पोसणाऱ्या भुरीसारख्या रोगांविरुद्ध मुख्यतः सॅलिसिलिक आम्ल हे संप्रेरक कामी येते. १९७९ मध्ये इंग्लंडमधील रोथॅमस्टेड येथे तंबाखूच्या पानांना ॲस्पिरिन (सॅलिसिलिक आम्लापासूनच बनणारे औषध) दिल्यावर मोझॅइक विषाणूचे डाग कमी पडल्याचे आढळले होते. पेशी मारून खाणाऱ्या बुरशींशी जॅस्मॉनिक आम्ल आणि इथिलीन (केळी पिकवणारा तोच वायू) ही संप्रेरके झुंजतात. सॅलिसिलिक आणि जॅस्मॉनिक यांचे सहसा पटत नाही. एक वाढले की दुसरे दबते. स्यूडोमोनास सिरिंजी हा जिवाणू याचाच फायदा उठवतो. तो जॅस्मॉनिकची नक्कल करणारे कोरोनाटिन सोडतो, त्यामुळे सॅलिसिलिक दबते आणि जिवाणूला अडवायला मिटलेली पर्णरंध्रेही पुन्हा उघडतात. भाताची रोपे अवाजवी उंच करणाऱ्या बुरशीच्या अर्कातही रोपे वाढवणारा पदार्थ असल्याचे १९२६ मध्ये जपानी शास्त्रज्ञ कुरोसावा यांनी दाखवले. तेच गिबरेलिन हे संप्रेरक, नाशिकचे बागायतदार द्राक्षमणी फुगवायला वापरतात ते.

सर्वांत कोड्यात टाकणारे निष्कर्ष मोहरीच्या कुळातील ॲराबिडॉप्सिस या रोपावरचे आहेत. जखमेवर कॅलोज घालणारे विकर नसलेली रोपे भुरीला सहज बळी पडायला हवीत; ती उलट अधिक टिकली. कारण त्यांचा सॅलिसिलिक मार्ग जास्त जोमाने चालतो, आणि तो बंद केला की भुरी पुन्हा फोफावते. दुय्यम भित्तिकेत (पेशीची वाढ थांबल्यावर आतून चढणारा जाड थर) सेल्युलोज नीट न बनणारी रोपे राल्स्टोनिया जिवाणूला दाद देत नाहीत. कोकणात वांग्याला आणि टोमॅटोला मर आणणारा हाच जिवाणू. इथे ॲब्सिसिक आम्ल या आणखी एका संप्रेरकाचा हात दिसतो. मात्र सेल्युलोजमध्ये दोष असलेली अशी रोपे बहुधा खुरटी राहतात, त्यामुळे त्यांतून थेट पिकाचे वाण काढता येत नाही.